वनस्पतिजन्य स्टार्च आणि लाकडाचा टिकाऊ सांधा
(अध्यक्षीय भाषण)



लाकूड आणि त्याला जोडणारी द्रव्ये यांच्या विचारासाठी भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने विषयाच्या साऱ्या शाखांचा धावता आढावा घ्यावा असा रिवाज आहे. परंतु तो घेण्यास अधिकारी असलेली मंडळी पुढील दोन दिवसांत आपल्यासमोर आपापले निबंध वाचणारच आहेत, म्हणून आजचा वेळ एकाच प्रश्नाला द्यावा असे मी योजिले आहे. मक्याच्या, साबुकंदाच्या किंवा ज्वारीच्या स्टार्चपासून लाकडाचे असे आसंजक तयार करता येईल काय, की जे कोरडेपणी बळकट असेल आणि ओलाव्यातही आपले बळ राखील? माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या गुणामुळे स्टार्च लाकडाला धरतो, त्याच गुणामुळे तो पाण्याच्या स्वाधीन होतो, हे ध्यानात घेऊन त्या गुणाचा खर्च कोठे आणि किती करावयाचा याचा काटेकोर हिशेब जो मांडील, त्यालाच हे कार्य साधेल, असे माझे मत आहे, आणि त्याची उपपत्ती आपल्यापुढे ठेवण्याची माझी इच्छा आहे.

स्टार्चची खळ ही फार पुरातन वस्तू आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पीठ, उकळते पाणी आणि थोडा शिर्का यांची खळ करून पपायरसचे पापुद्रे कसे चिकटवितात, याची नोंद करून ठेवली आहे. आपल्याकडे विणकर ताण्याला खळ देतो, जिनगर आणि पुस्तकबांधणी करणारे पुठ्ठ्याला खळ लावतात, सणगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन तिला कणखर करतात आणि सावंतवाडीचा गंजिफा करणारा चितारी त्याच चिंचोक्याच्या खळीने आपल्या पानांची भूमी सिद्ध करतो. चिंचोक्यातील चिकट द्रव्य झायलोग्लुकन या निराळ्या जातीचे असून रसायनशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ते स्टार्च नव्हे; तथापि वनस्पतीच्या बीजात साठविलेल्या शर्करांच्या साखळ्या उत्तम प्रकारे चिकटतात, हे ज्ञान आपल्या कारागिरांना परंपरेनेच प्राप्त झालेले आहे. लाकडाच्या क्षेत्रात मात्र खळीला प्रवेश नव्हता. तेथे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेल्या सरसाचा अंमल होता. आणि सरस दुर्गंधी सोडणारा, नासणारा, ऊन असतानाच लावावा लागणारा असूनही त्याला तोड नव्हती, कारण कागदाला पुरणारी पातळ खळ दोन फळ्यांमध्ये घातली तर तिच्यातील पाण्यानेच लाकूड फुगे आणि वाळल्यावर सांध्यात बळ म्हणून फारसे उरत नसे.

हा अडसर ज्याने दूर केला, त्या फ्रँक पर्किन्स या अमेरिकन संशोधकाचे नाव या व्यासपीठावरून आदराने घेतले पाहिजे. साबुकंदाच्या स्टार्चवर आधी रासायनिक प्रक्रिया करून त्याची पाणी शोषण्याची शक्ती इतकी उतरवावी की एक भाग स्टार्चला वजनाने तीन भाग किंवा त्याहूनही कमी पाणी पुरावे, आणि मग दाहक सोड्याने त्याचे पचन करून दाट पण पसरता येईल असे आसंजक करावे, ही त्याची युक्ती. आणि तिच्यासाठी १९१२ साली त्याला एकस्वाची सनद मिळाली. हे आसंजक थंड असतानाच लावता येई, त्याला दुर्गंधी नव्हती, आणि लाकडी सामानाच्या अमेरिकन कारखान्यांत पातळ पापुद्रे चिकटविण्याच्या कामी त्याने सरसाची जागा पुष्कळ अंशी घेतली. पुढे या सनदेवरून हॉलंड फर्निचर कंपनी आणि पर्किन्स ग्लू कंपनी यांच्यात जो वाद उद्भवला, तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १९२८ साली न्यायमूर्ती स्टोन यांनी जो निवाडा दिला, त्याचे सार असे की एका विशिष्ट रीतीने केलेले स्टार्चचे आसंजक सरसाचे काम करते हे ज्याने दाखविले, त्याला सरसाचे काम करणाऱ्या यच्चयावत स्टार्च-आसंजकांवर मालकी सांगता येत नाही. जे प्रत्यक्ष केले तेवढ्याचाच दावा करावा, केवळ परिणामाच्या वर्णनावर मक्ता मागू नये, हा त्या निवाड्यातील न्याय आपल्या शास्त्रालाही तितकाच लागू आहे, आणि या भाषणाच्या उत्तरार्धात मला त्याचा आधार घ्यावयाचा आहे.

पर्किन्सचे आसंजक कोरड्या घरातील मेजखुर्च्यांना पुरेसे बळकट होते. पण पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नसे. म्हणूनच पहिल्या महायुद्धात जेव्हा विमानांसाठी प्लायवूडची मागणी वाढली, तेव्हा दुधातील केसीन आणि रक्तातील अल्ब्युमिन यांची आसंजके पुढे आली व स्टार्च मागे पडला. त्यानंतर संश्लेषित रेझिनांचे युग अवतरले. रसायनज्ञ बेकलंड यांच्या १९०७ च्या शोधापासून फिनॉल-फॉर्माल्डिहाइड, आणि त्यानंतर युरिया-फॉर्माल्डिहाइड ही रेझिने लाकडाच्या धंद्यात शिरली. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या लाकडी विमानाच्या जोडकामातही आरंभी वापरलेले केसीन मागे सारून युरिया-फॉर्माल्डिहाइडला स्थान द्यावे लागले. आपल्या देशात १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटच्या या पांढऱ्या आसंजकाने सुताराची सरस उकळण्याच्या कष्टातून सुटका केली. या साऱ्या द्रव्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. स्वस्त प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत पोहोचल्या त्या त्यांच्यामुळेच.

परंतु त्या उपकारांची किंमत आता आपल्यापुढे स्पष्ट झालेली आहे. युरिया-फॉर्माल्डिहाइडचे बंध ओलावा आणि उष्णता यांच्यायोगे हळूहळू उलट दिशेने विघटित होतात आणि तयार सामानातूनही फॉर्माल्डिहाइड वायू दीर्घकाळ निसटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला मनुष्याच्या ठिकाणी निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातले आणि अमेरिकेने २०१० साली लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या या वायूवर मर्यादा घालणारा कायदा केला. घरात राहणाऱ्यापेक्षाही जो कामगार दिवसाचे आठ-दहा तास ऊन दाबयंत्रापाशी उभा राहतो, त्याच्या डोळ्यांतून आणि घशातून या वायूची जी वसुली होते, ती आपण अधिक गांभीर्याने मोजली पाहिजे. शिवाय फॉर्माल्डिहाइड ज्या मिथेनॉलपासून करतात, त्याची आपल्या देशाची गरज बहुतांशी आयातीवरच भागते. अशा स्थितीत शेतात पिकणाऱ्या द्रव्याकडे पुनश्च वळावे, ही कल्पना भावनेतून नव्हे, तर व्यवहारातून निर्माण झालेली आहे.

आता मूळ रसायनाकडे वळू. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची साखळी. तिचे दोन प्रकार आहेत : सरळ वाढणारे अ‍ॅमिलोज आणि शाखा फुटलेले अ‍ॅमिलोपेक्टिन, सामान्य मक्यात पहिले सुमारे चौथा हिस्सा आणि दुसरे उरलेले, तर मेणमक्याच्या जातीत जवळजवळ सर्वच अ‍ॅमिलोपेक्टिन असते. साखळीतील प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात. लाकडातील सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असून त्याच्यावरही असेच गट आहेत. दोघांचे गट समोरासमोर आले की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात, आणि असे असंख्य बंध एकवटल्यावर सांधा इतका दृढ होतो की कोरड्या स्थितीत तो ओढून तोडू गेल्यास पुष्कळदा सांध्याऐवजी लाकूडच फाटते. परंतु पाण्याचा रेणूही हायड्रोजन बंध जुळविण्यात तितकाच तत्पर आहे. तो आत शिरतो, स्टार्च आणि सेल्युलोज यांच्यामध्ये जाऊन बसतो, दोघांनाही आपल्याशी गुंतवितो आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते तोडून टाकतो. हायड्रॉक्सिल गट सगळेच नष्ट करावेत तर स्टार्च लाकडाला धरणार नाही. सगळेच राखावेत तर पाणी त्याला सोडणार नाही. म्हणून त्यांतील काही गट लाकडाशी संबंध जोडण्यासाठी शिल्लक ठेवून उरलेल्यांचे पाण्याला न जुमानणाऱ्या सहसंयुज बंधांत रूपांतर करणे, हाच या विद्येचा गाभा आहे.

याच्या जोडीला दोन अडचणी आणखी आहेत, आणि प्रयोगशाळेबाहेर बहुधा त्याच अधिक छळतात. पहिली श्यानतेची. स्टार्चचे कण पाण्यात साधारण साठ ते सत्तर अंश सेल्सिअसला फुगून फुटू लागतात, आणि कच्च्या स्टार्चची शेकडा आठ-दहा प्रमाणाची खळही इतकी घट्ट होते की ती फळीवर पसरणे कठीण. उलट लाकडाच्या आसंजकात घन द्रव्य शेकडा तीसच्या पुढे असल्याखेरीज सांध्यातील पाणी आटोक्यात राहत नाही आणि ऊन दाबाखाली वाफेने प्लायवूडच्या थरांत फुगवटे येतात. दुसरी अडचण कालांतराची. शिजवलेली खळ थंड होऊन राहिली की अ‍ॅमिलोजच्या साखळ्या पुन्हा एकत्र येऊन स्फटिकरूप होऊ लागतात, मिश्रण थिजते आणि पाणी वेगळे होते. यांवर उपाय आहेत. आम्लाने किंवा विकराने साखळ्या आखूड केल्या की श्यानता उतरते, हायड्रोजन पेरॉक्साइडने अथवा हायपोक्लोराइटने ऑक्सिडीकरण केले की तेच साधून पुन्हा नवे क्रियाशील गट मिळतात, आणि मेणमका घेतला की थिजण्याची प्रवृत्ती कमी होते. पण साखळी जितकी आखूड, तितके मूळ बळ उणे, हा नियम विसरून चालत नाही.

पाण्याचा प्रतिकार उत्पन्न करण्याचे जे मार्ग आजवर चोखाळले गेले, त्यांपैकी चार मला महत्त्वाचे वाटतात. पहिला मार्ग संमिश्रणाचा आणि बाह्य बंधकाचा. अमेरिकेतील पिओरिया येथील कृषिसंशोधन केंद्रात १९९९ च्या सुमारास स्टार्च आणि पॉलिव्हिनिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाला मेलॅमीनच्या एका अनुजाताने जोडून, सायट्रिक आम्लाच्या उत्प्रेरणाने प्लायवूडचे आसंजक करण्यात आले. पण हे मेलॅमीनचे अनुजात स्वतःच फॉर्माल्डिहाइडपासून सिद्ध होते, ही गोष्ट हिशेबातून वगळता येत नाही. दुसरा मार्ग कलमाचा. स्टार्चच्या साखळीवर अमोनियम परसल्फेटसारख्या आरंभकाने मुक्त मूलके निर्माण करून तिच्यावर व्हिनिल अ‍ॅसिटेटच्या शाखा वाढविल्या असता आतील स्टार्चभोवती जलविरोधी कवच तयार होते. चीनमधील वूशी येथील जियांगनान विद्यापीठात मेणमक्याच्या स्टार्चवर या दिशेने चिकाटीने काम झालेले आहे. शेतकरी रानबोरीच्या कणखर खोडावर गोड बोरीचा डोळा बांधतो, तद्वत येथे स्टार्चची लाकडावरील पकड आणि संश्लेषित शाखेची जलविमुखता एकाच देहात नांदतात. तिसरा मार्ग आयसोसायनेटांचा. ही द्रव्ये स्टार्च आणि लाकूड या दोहोंच्या हायड्रॉक्सिल गटांशी युरेथेन बंध जुळवितात आणि जलप्रतिकार झपाट्याने वाढवितात; पण ती पाण्याशीही क्रिया करून कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, मिश्रण थोड्याच तासांत फेसाळून निकामी होते आणि हाताळणाऱ्याच्या श्वसनमार्गाला त्यांच्यापासून अपाय संभवतो.

चौथा मार्ग मला भावी काळाचा वाटतो. परआयोडेटाने ग्लुकोजच्या वलयातील दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनांमधील बंध उघडला की डायअल्डिहाइड स्टार्च मिळतो. म्हणजे ज्या अल्डिहाइड गटासाठी आपण बाहेरून विषारी वायू आणतो, तोच गट येथे साखळीला घट्ट जखडलेल्या, उडून न जाणाऱ्या स्वरूपात हाती येतो आणि अमाइन गट असलेल्या द्रव्यांशी अथवा प्रथिनांशी जाळे विणतो. परआयोडेट महाग आहे, त्याची पुनर्प्राप्ती हा आजचा खरा प्रश्न आहे. आणि म्हणून त्याच्या जोडीला सायट्रिक आम्लासारख्या अन्नवर्गीय बहुआम्लांनी एस्टर बंध जुळविण्याचा, म्हणजे जपानातील क्योतो विद्यापीठाने ज्याचा लाकडासाठी पाठपुरावा केला त्या प्रयत्नाचाही, आपण अभ्यास केला पाहिजे. या रीतीला उष्णता जास्त लागते आणि आम्लाने लाकूड ठिसूळ होण्याचा धोका असतो, हे तिचे उणे. तरीही वनस्पतिजन्य आसंजक पाण्यात टिकूच शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी सोयाबीनचा दाखला पाहावा : ओरेगन येथील प्राध्यापक काइचांग ली यांनी समुद्रातील शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांवरून स्फूर्ती घेऊन सोयापीठ आणि ओल्या कागदाला बळ देणारे एक रेझिन यांच्या संयोगाने जे आसंजक केले, त्यावर अमेरिकेत सजावटीचे प्लायवूड मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि २००७ साली त्या कार्याला तेथील हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. सोयाने जे साधले, ते स्टार्चला अप्राप्य आहे असे मानण्यास शास्त्रीय कारण नाही.

येथे मी पर्किन्सच्या निवाड्याकडे, म्हणजे जे प्रत्यक्ष केले तेवढ्याचाच दावा करावा या न्यायाकडे, वळतो. ‘जलरोधक’ हा शब्द आपल्या धंद्यात फार सैलपणे वापरला जातो. युरोपीय मानकात लाकडाच्या आसंजकांच्या चार पायऱ्या आहेत आणि बीच वृक्षाच्या पातळ पट्ट्या जोडून त्यांची परीक्षा होते. कोरड्या स्थितीत चौरस मिलिमीटरला किमान १० न्यूटन बळ चारही पायऱ्यांना लागते. तिसऱ्या पायरीला चार दिवस थंड पाण्यात ठेवून ओल्या स्थितीतच २ न्यूटन, आणि चौथीला सहा तास उकळत्या व दोन तास थंड पाण्यात ठेवून ४ न्यूटन बळ उरले पाहिजे. आपल्या भारतीय मानकांतही आर्द्रतारोधक आणि उकळते पाणी सोसणारे असे प्लायवूडचे वर्ग पाडलेले असून नौकांच्या कामी लागणाऱ्या प्लायवूडला तब्बल ७२ तास उकळण्याची कसोटी आहे. या पायऱ्यांतील अंतर जमीन-अस्मानाचे आहे. पट्टी पाण्यातून काढून वाळविल्यावर जे बळ परत येते, ते निराळे. आणि ओली असतानाच जे बळ असते, ते निराळे. स्टार्चच्या बाबतीत तर ही दोन्ही फार भिन्न असतात, कारण हायड्रोजन बंध वाळताना पुन्हा जुळतात आणि परीक्षकाची दिशाभूल करतात. म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की यापुढे आपल्या परिषदेत वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधात ओल्या स्थितीतील कर्तन-सामर्थ्याचा आकडा दिलेला असावा, लाकडाची जात, त्यातील पाण्याचा अंश, दाबाचे तापमान आणि अवधी यांचा तपशील सोबत असावा, आणि बंधक म्हणून घातलेल्या प्रत्येक संश्लेषित द्रव्याचे नाव व प्रमाण निःसंकोचपणे नमूद केलेले असावे. शेकडा पंधरा आयसोसायनेट घालून केलेल्या आसंजकाला केवळ ‘स्टार्चचे’ म्हणविणे हे खरेदीदाराशी आणि त्याहून अधिक कामगाराशी बेइमानीचे ठरेल.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर कच्च्या मालाची वाण नाही. तमिळनाडूतील सेलम हा साबुकंदाच्या स्टार्चचा आणि साबुदाण्याचा सुप्रसिद्ध मुलूख आहे, तिरुवनंतपुरम येथे १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था कार्य करीत आहे, आपल्या खानदेशात मक्यापासून स्टार्च काढण्याचा धंदा रुजलेला आहे, आणि प्लायवूडच्या विद्येसाठी बंगळूरला, तर एकूण वनविद्येसाठी देहरादूनला संस्था आहेत. अन्नाच्या धान्याला फाटा देऊन गोंद करावा काय, हा आक्षेप मी गंभीर मानतो. त्याचे उत्तर असे की परतीच्या पावसात सापडून काळी पडलेली आणि बाजारात माती-मोलाने जाणारी खरिपाची ज्वारी, साबुकंदाच्या कारखान्यात लगद्याबरोबर वाया जाणारा स्टार्च, तांदळाच्या गिरणीतील चुरा, यांनाच प्रथम हक्क द्यावा. बुरशी लागलेल्या दाण्यातील स्टार्च मनुष्याच्या अन्नाला अपात्र असला, तरी धुऊन शुद्ध केल्यावर फळी जोडण्यास पात्र ठरतो की नाही, याचा पद्धतशीर शोध आपल्या कृषिविद्यापीठांनी आणि रसायनशाळांनी एकत्र बसून घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. तयार आसंजकालाही बुरशी आणि कीड यांचे भय असतेच, तेव्हा त्याच्या रक्षणाची तजवीज मूळ कृतीतच असली पाहिजे. ती मागाहून शिंपडण्याची बाब नव्हे.

आणि कार्याचा क्रम ठरविताना महत्त्वाकांक्षेला विवेकाची जोड असावी. नावेच्या प्लायवूडचे स्वप्न तूर्त बाजूला ठेवून घरातील कपाटे, शाळेचे बाक, दारांचे पापुद्रे, सावंतवाडीची खेळणी अशा कोरड्या अथवा किंचित ओलसर जागेच्या कामांसाठी पहिल्या दुसऱ्या पायरीचे, आणि मग कोकणातील पावसाळा सोसणारे तिसऱ्या पायरीचे आसंजक सिद्ध करावे. या परीक्षेत कारागिराला अगदी आरंभापासून बरोबर घ्यावे. आसंजक रंध्याने साफ केलेल्या सागावर कसे पसरते, शिकंजा किती वेळ आवळून ठेवावा लागतो, हाताला दाह होतो काय, डबा उघडल्यावर किती दिवस टिकतो, या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या तक्त्यावर मिळत नाहीत. ती ज्याच्या हातून रोज सांधे घडतात त्याच्याकडूनच मिळतात, आणि त्याची साक्ष आपल्या दप्तरात यंत्राच्या आकड्याइतक्याच मानाने नोंदली गेली पाहिजे. मराठीतून अशी टिपणे लिहिली गेली, तर खेड्यातील सुतारालाही त्यांचा उपयोग होईल आणि त्याचा अनुभवही उलट आपल्यापर्यंत येईल.

प्रतिनिधी मित्रहो, शंभर वर्षांपूर्वी स्टार्चने लाकडाच्या दालनात पाऊल ठेविले आणि पाण्यापुढे हार खाऊन ते मागे घेतले. त्या वेळी त्याच्या रेणूची रचना, त्यावरील गटांचे स्थान आणि त्यांना हवे तसे वळविण्याची साधने आजच्याइतकी ज्ञात नव्हती. आज ती आपल्या हाती आहेत, कच्चा माल आपल्या शेतात आहे, आणि ज्यांच्या फुप्फुसांवर या उद्योगाचा भार पडतो ती माणसे आपल्याच कारखान्यांत उभी आहेत. तेव्हा आपण जे करू ते मोजून करावे, जे मोजले ते उघड सांगावे, आणि जेवढे सिद्ध झाले तेवढ्याचीच ग्वाही द्यावी. असे झाले तर त्या ग्वाहीवर विश्वासून उद्याचा कारखानदार आपला दाबयंत्राचा कारभार नव्या द्रव्यावर खुशाल सोपवील. ओल्या स्थितीतील बळाचा आकडा प्रत्येक निबंधात अनिवार्य करण्याचा ठराव आजच्या विषयनियामक समितीने खुल्या अधिवेशनापुढे आणावा, एवढी सूचना करून परिषदेच्या कामकाजास आरंभ करण्याची मी अनुमती देतो.